लिलाव संकेतस्थळे पैसे देण्याच्या पद्धतींवर बंधने का घालतात, आणि ती किती रास्त असतात?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते एका मोठ्या ऑनलाइन लिलाव संकेतस्थळावर जुनी नाणी आणि टपाल तिकिटे विकतात. त्यांचे काही नेहमीचे ग्राहक थेट बँक खात्यात पैसे भरायला तयार असतात. मात्र विक्रीच्या जाहिरातीत तसा पर्याय दिल्याबद्दल संकेतस्थळाने ती जाहिरात काढून टाकली आणि पुन्हा असे घडल्यास खाते स्थगित करण्याची ताकीद दिली. असे बंधन घालण्याचा अधिकार संकेतस्थळाला आहे का, आणि त्यासाठी ‘ग्राहकांची सुरक्षितता’ हे जे कारण दिले जाते ते खरे मानावे का, असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी होकारार्थी आहे. खाते उघडताना आपण ज्या अटी मान्य करतो त्यांत हा अधिकार संकेतस्थळाला दिलेला असतो, आणि स्पर्धा कायद्याची मर्यादा ओलांडली जात नाही तोवर तो टिकतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. ऑनलाइन विक्रेत्यांचे पैशांचे तंटे हाताळताना मी प्रत्येक बंधनाला एकच कसोटी लावत आलो आहे: बंदी त्या पद्धतीच्या गुणधर्मामुळे आहे, की त्या पद्धतीच्या मालकामुळे? एखादी पद्धत नाकारली जाते कारण तिच्यातून गेलेले पैसे परत आणता येत नाहीत किंवा कोणाकडे गेले हे सिद्ध करता येत नाही, तेव्हा ती बंदी संरक्षणाची असते. तितकीच सुरक्षित असलेली पद्धत प्रतिस्पर्ध्याची आहे म्हणून नाकारली जाते, तेव्हा सुरक्षितता हे निमित्त असते. प्रत्यक्षात बरीचशी बंधने या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडतात, म्हणून ती एकेक करून पाहावी लागतात.

सर्वांत निर्विवाद बंदी रोख हस्तांतर सेवांवरची आहे. वेस्टर्न युनियन किंवा मनीग्रामसारख्या सेवेने पाठवलेली रक्कम दुसऱ्या टोकाला कोणीतरी ओळखपत्र दाखवून रोखीने उचलतो, आणि एकदा ती उचलली गेली की पैसे पाठवणाऱ्याच्या हाती काहीही उरत नाही. लिलावात अनोळखी माणसे परस्परांशी व्यवहार करतात, पैसे आधी जातात आणि वस्तू नंतर येते. अशा व्यवहारात परत न फिरणारी रोख रक्कम म्हणजे फसवणूक करणाऱ्याला मोकळे रान. या सेवा ओळखीच्या माणसाला, विशेषतः कुटुंबीयांना, पैसे पाठवण्यासाठी घडवल्या गेल्या होत्या आणि त्या कामाला त्या उत्तम आहेत. अनोळखी विक्रेत्याला पैसे देण्यासाठी मात्र त्या नाहीत. जानेवारी २०१७ मध्ये वेस्टर्न युनियनने आपल्या जाळ्याचा वापर करून झालेल्या फसवणुकींबाबत अमेरिकी सरकारशी तडजोड करताना ५८.६ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले, हे लक्षात घेतले तर ही बंदी घालणाऱ्या संकेतस्थळांना फारसा दोष देता येत नाही. भेटपत्रांचे (गिफ्ट कार्डांचे) क्रमांक पाठवून पैसे देणे हा प्रकारही याच जातीचा आहे.

धनादेश आणि मनी ऑर्डर यांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये ईबे या मोठ्या ऑनलाइन लिलाव कंपनीने अमेरिकेतील आपल्या संकेतस्थळावर, वाहने व स्थावर मालमत्ता यांसारखे मोजके विभाग वगळता, कागदी स्वरूपातले पैसे स्वीकारण्याचा पर्याय बंद केला. जुन्या विक्रेत्यांमध्ये याची मोठी नाराजी होती आणि ती समजण्यासारखी होती. मनी ऑर्डर स्वीकारण्याचा त्यांना काहीही खर्च नव्हता, तर ऑनलाइन पैसे देण्याच्या पेपाल या सेवेसाठी त्या काळी साधारण २.९ टक्के अधिक ३० सेंट मोजावे लागत. पण या बंदीत विक्रेत्याचेही हित होते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. बनावट बँक धनादेशाची फसवणूक घ्या. खरेदीदार ठरलेल्या किमतीपेक्षा मोठ्या रकमेचा धनादेश पाठवतो आणि जास्तीची रक्कम वाहतूकदाराला पुढे पाठवण्याची विनंती करतो. अमेरिकेतील नियमांनुसार बँकेला अशा धनादेशाची रक्कम लवकर, अनेकदा दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी, वापरायला उपलब्ध करून द्यावी लागते. विक्रेत्याला वाटते की धनादेश वटला. प्रत्यक्षात रक्कम उपलब्ध होणे आणि धनादेश खरा ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, तो बनावट म्हणून परत येतो आणि बँक सगळी रक्कम विक्रेत्याच्या खात्यातून वळती करून घेते. तोवर वस्तूही गेलेली असते आणि ‘जास्तीची’ रक्कमही.

तेव्हा कागदी पैशांवरची बंदी गुणधर्माच्या कसोटीवर बऱ्यापैकी उतरते. मात्र बंदी घालणारी कंपनीच पेपालची मालक होती, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही.

हा मालकीचा धागा समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. ईबे १९९५ मध्ये सुरू झाले तेव्हा पैसे कसे द्यायचे हे खरेदीदार आणि विक्रेता आपापसांत ठरवत. संकेतस्थळ फक्त बोली लावण्याची जागा पुरवत असे. १९९९ मध्ये कंपनीने बिलपॉइंट ही पैसे देवाणघेवाणीची सेवा विकत घेतली आणि ती आपल्या विक्रेत्यांनी वापरावी असा प्रयत्न केला. विक्रेत्यांनी मात्र त्याच सुमारास आलेल्या, ईबेशी काहीही संबंध नसलेल्या पेपालला पसंती दिली. संकेतस्थळाची स्वतःची सेवा हाताशी असतानाही बाहेरची सेवा जिंकली, कारण निवड विक्रेत्यांच्या हाती होती. शेवटी २००२ मध्ये ईबेने पेपालच सुमारे दीड अब्ज डॉलरच्या समभागांच्या बदल्यात विकत घेतले आणि बिलपॉइंट गुंडाळले. ज्या मोकळ्या दारातून पेपाल आत आले, ते दार पुढे येणाऱ्यांसाठी तितके उघडे राहिले नाही.

याचा पुरावा २००६ मध्ये मिळाला. त्या वर्षी जूनमध्ये गूगलने चेकआउट ही सेवा आणली आणि काही दिवसांतच ईबेने तिचे नाव स्वीकारार्ह नसलेल्या सेवांच्या यादीत घातले. कारण असे दिले गेले की सुरक्षित सेवा दीर्घकाळ पुरवल्याचा पूर्वेतिहास नव्या सेवांपाशी नसतो. ही अट वरकरणी वाजवी वाटते, पण ती जशीच्या तशी लावली असती तर २००० सालचे पेपालही तीत बसले नसते. शिवाय चेकआउटमधले पैसे क्रेडिट किंवा डेबिट कार्डावरूनच जात होते, म्हणजे कार्डधारकाला मिळणारे संरक्षण खरेदीदारापाशी होतेच. माझ्या मते हे मालकामुळे घातलेल्या बंदीचे स्पष्ट उदाहरण आहे. पुढच्याच वर्षी, जून २००७ मध्ये, गूगलने ईबेच्या विक्रेता संमेलनाच्या वेळीच चेकआउटच्या प्रचारासाठी मेजवानी ठेवली. ईबेने उत्तरादाखल गूगलवरच्या आपल्या अमेरिकेतील जाहिराती काही काळ थांबवल्या आणि मेजवानी रद्द झाली. दोन्ही बाजूंना हा वाद सुरक्षिततेचा आहे असे वाटत असते, तर तो जाहिरातींच्या पैशांतून लढला गेला नसता.

कायद्याच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद प्रकरण ऑस्ट्रेलियातले आहे. एप्रिल २००८ मध्ये ईबेने तिथल्या विक्रेत्यांना कळवले की २१ मेपासून प्रत्येक जाहिरातीत पेपालचा पर्याय द्यावाच लागेल, आणि १७ जूनपासून, वस्तू प्रत्यक्ष येऊन नेताना दिलेले पैसे वगळता, पेपालखेरीज दुसरा कोणताही पर्याय चालणार नाही. त्या देशात थेट बँक खात्यात पैसे भरणे विक्रेत्यांमध्ये लोकप्रिय होते, कारण त्याला शुल्क नव्हते. म्हणजे तुमच्या प्रश्नातली पद्धतच तिथे वादाच्या केंद्रस्थानी होती. एक सेवा देताना ठरावीक तिसऱ्या कंपनीची सेवा घेण्याची सक्ती करणे तिथल्या तत्कालीन व्यापार कायद्यानुसार आपोआप निषिद्ध होते. सूट हवी असल्यास स्पर्धा व ग्राहक आयोगाला आगाऊ सूचना द्यावी लागे, आणि ईबेने ती दिली होती. पेपालने केलेल्या व्यवहारांत तंटे कमी होतात, म्हणून सक्ती ग्राहकांच्या हिताची आहे, असा कंपनीचा युक्तिवाद होता.

आयोगाने जून २००८ मध्ये दिलेल्या मसुदा निर्णयात ही सूट काढून घेण्याचा मनोदय व्यक्त केला. या सक्तीमुळे ऑनलाइन पैसे देण्याच्या सेवांमधली स्पर्धा कमी होईल आणि पेपालची बाजारशक्ती वाढेल, ही त्यामागची मुख्य चिंता होती. खरेदीदाराला पेपाल अधिक सुरक्षित वाटत असेल तर तो पर्याय त्याच्यासमोर आधीच उपलब्ध आहे. तो त्याने निवडावा, इतर पर्याय काढून घेण्याची गरज का पडावी, हा या प्रकरणातला कळीचा प्रश्न होता आणि मला तो आजही बिनतोड वाटतो. ईबेने आधी अंमलबजावणी पुढे ढकलली आणि जुलैमध्ये प्रस्ताव मागे घेतला. पेपालचा पर्याय देण्याची सक्ती मात्र कायम राहिली. ‘हा पर्याय द्याच’ आणि ‘हाच पर्याय द्या’ या दोन अटींमधला फरक किती मोठा आहे, हे या एका प्रकरणातून कळते. पहिल्या अटीने खरेदीदाराला किमान एक सुरक्षित मार्ग मिळतो. दुसरीने बाकी सगळे मार्ग बंद होतात. तुमच्या संकेतस्थळाची अट यांपैकी कोणती आहे, हे नियमावलीत नीट वाचून पाहा.

यानंतरच्या काळात चित्र बदलले. जुलै २०१५ मध्ये ईबे आणि पेपाल या स्वतंत्र कंपन्या झाल्या. जानेवारी २०१८ मध्ये ईबेने जाहीर केले की पैसे स्वीकारण्याची व्यवस्था आता ते स्वतः सांभाळणार आणि त्यासाठी अ‍ॅडियन या डच कंपनीची मदत घेणार. पुढील काही वर्षांत विक्रेते टप्प्याटप्प्याने या व्यवस्थेत आणले गेले. खरेदीदार आता कार्ड, पेपाल, गूगल पे किंवा अ‍ॅपल पे यांपैकी काहीही वापरू शकतो, पण पैसे आधी संकेतस्थळाकडे जातात आणि तेथून विक्रेत्याच्या बँक खात्यात जमा होतात. ज्या गूगलला २००६ मध्ये दार बंद होते, त्याच गूगलची नवी सेवा आज तिथे चालते, कारण संकेतस्थळाला आता पेपालचा व्यवसाय राखायचा नाही.

या नव्या रचनेत खरेदीदाराची निवड वाढली आणि विक्रेत्याची जवळजवळ संपली. पूर्वी कोणती सेवा वापरायची आणि तिचे शुल्क किती हे विक्रेता निदान तुलना करून पाहू शकत होता. आता पैसे हाताळण्याचा खर्च विक्री शुल्कातच मिसळलेला असतो आणि ते शुल्क वस्तूच्या किमतीवरच नव्हे, तर खरेदीदाराने दिलेल्या टपालखर्चासह आणि करासह एकूण रकमेवर आकारले जाते. टपालखर्च वस्तूच्या किमतीच्या तुलनेत मोठा असतो अशा स्वस्त वस्तूंच्या विक्रेत्याला हे चांगलेच जाणवते. तुमच्यासारख्या तिकिटे विकणाऱ्याला परदेशी टपालाच्या बाबतीत ते नक्की जाणवेल. शिवाय नव्या विक्रेत्याचे किंवा संशयास्पद वाटलेल्या व्यवहाराचे पैसे काही काळ रोखून ठेवण्याचा अधिकार संकेतस्थळ राखून ठेवते. व्यवहारातल्या पैशांवर संकेतस्थळाचा ताबा असणे, हे मला कोणत्याही एका पद्धतीवरील बंदीपेक्षा महत्त्वाचे बंधन वाटते, पण विक्रेते त्याबद्दल सहसा तेव्हाच विचारतात जेव्हा त्यांचे पैसे अडकलेले असतात.

रोखून ठेवण्याचे समर्थन करताना मध्यस्थाच्या ताब्यात रक्कम ठेवण्याच्या, म्हणजे एस्क्रोच्या पद्धतीचा दाखला दिला जातो. तो सर्वस्वी चुकीचा नाही. चीनमध्ये तावबाव या संकेतस्थळाच्या यशात अलीपेचा वाटा मोठा होता, आणि त्या सेवेचा गाभा हाच होता की खरेदीदाराने वस्तू मिळाल्याचे मान्य करेपर्यंत पैसे मध्यस्थाकडे राहत. पण तिथे रक्कम कधी सुटणार हे दोन्ही बाजूंना आधी ठाऊक असे. ‘जोखीम आढळल्यास’ अशा मोघम शब्दांत घातलेल्या अटीत ती निश्चिती नसते. तुमच्या संकेतस्थळाच्या अटींत रक्कम किती दिवस आणि कोणत्या कारणासाठी रोखता येईल हे लिहिले आहे का, ते अवश्य पाहा.

खर्चाच्या कारणावरून घातलेली बंदी हा आणखी एक प्रकार आहे, आणि तो निदान प्रामाणिक असू शकतो. ऑगस्ट २०२४ पासून ईबेने अमेरिकन एक्सप्रेस कार्ड स्वीकारणे थांबवले आणि त्या कार्डांवरील प्रक्रिया शुल्क परवडत नाही, असे कारण उघडपणे दिले. सुरक्षिततेचा आव आणला नाही. विक्रेत्यांवर मात्र उलट्या दिशेचे बंधन असते: महाग पद्धतीने पैसे देणाऱ्या खरेदीदाराकडून जादा आकार घेण्यास संकेतस्थळे सहसा मनाई करतात. परिणामी तो खर्च वस्तूच्या किमतीत मिसळतो आणि स्वस्त पद्धतीने पैसे देणाऱ्यालाही तो भरावा लागतो. हे बंधन शांतपणे काम करते, म्हणून त्यावर क्वचितच कोणी तक्रार करतो.

आता थेट बँक हस्तांतराकडे, म्हणजे तुमच्या मूळ अडचणीकडे येतो. गुणधर्माच्या कसोटीवर ही पद्धत मधोमध बसते. पैसे कोणत्या खात्यात गेले याची नोंद राहते, त्यामुळे ती रोख हस्तांतरापेक्षा बरी आहे. पण खरेदीदाराने स्वतः आदेश दिलेले हस्तांतर विक्रेत्याच्या संमतीशिवाय उलटवणे सहसा शक्य नसते, त्यामुळे कार्डापेक्षा ती कमकुवत आहे. कार्डाच्या बाबतीत कायद्याचे पाठबळ मिळते. अमेरिकेत १९७४ च्या पत देयक कायद्यानुसार, चुकीची आकारणी ज्या विवरणपत्रात प्रथम दिसली ते पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी तक्रार करून कार्डधारक ती नाकारू शकतो. ब्रिटनमध्ये त्याच वर्षीच्या ग्राहक पतकायद्याचे ७५ वे कलम १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीच्या वस्तूंसाठी क्रेडिट कार्ड देणाऱ्या संस्थेलाही विक्रेत्याबरोबर जबाबदार धरते. मधे एखादे ई-वॉलेट आले तर मात्र कार्डसंस्था आणि विक्रेता यांतला थेट संबंध तुटू शकतो आणि हे संरक्षण वादग्रस्त ठरते. म्हणून मोठ्या किमतीच्या वस्तूसाठी खरेदीदाराने शक्य तेव्हा थेट क्रेडिट कार्ड वापरणे अधिक शहाणपणाचे असते.

म्हणजे तुमचे ग्राहक अनोळखी असते तर बँक हस्तांतरावरची बंदी मी योग्य म्हटली असती. ते जुने ग्राहक आहेत, तुमच्यावर विश्वास ठेवतात, म्हणून त्यांच्यापुरती ती निरर्थक वाटते. पण संकेतस्थळाला ग्राहकागणिक नियम बदलता येत नाही, आणि दुसरे न बोललेले कारण असे की पैसे बाहेरून गेले की शुल्क कापून घेण्याचा मार्गही सुटतो. यासाठी मी संकेतस्थळाला फार दोष देत नाही, कारण बोली लावणारा माणूस त्यानेच तुमच्यापर्यंत आणलेला असतो. दोष त्या कारणाला ‘सुरक्षितता’ म्हणण्यात आहे.

व्यवहारात काय करावे, तर जाहिरातीत, संदेशांत किंवा पार्सलमधल्या चिठ्ठीत ‘बाहेरून पैसे द्या’ असे सुचवू नका. संदेश तपासले जातात, आणि असे सुचवल्याचे आढळल्यास खाते बंद होण्याचा धोका खरा आहे. स्थगितीच्या ताकिदीवर उत्तर देताना वाद घालण्यापेक्षा पर्याय काढून टाकल्याचे थोडक्यात कळवा आणि तो पत्रव्यवहार जपून ठेवा. ग्राहकांनाही एक गोष्ट सांगा: संकेतस्थळाबाहेर पैसे दिले की संकेतस्थळाची परतावा हमी त्या व्यवहाराला लागू होत नाही, आणि पेपालमध्ये ‘मित्र व कुटुंबीय’ हा प्रकार निवडल्यास खरेदीदार संरक्षणही मिळत नाही. शुल्क वाचवण्यासाठी हा प्रकार निवडायला सांगणारा विक्रेता दिसला, तर खरेदीदाराने तिथेच थांबावे.

विक्रेता म्हणून तुमची स्वतःची बाजूही कार्डाच्या व्यवहारात कच्ची राहू देऊ नका. मागोवा क्रमांकाशिवाय पाठवलेले तिकिटांचे पाकीट ‘मिळालेच नाही’ असे खरेदीदाराने म्हटले की तंटा तुम्ही हरलात असे समजा. ईबेवर ७५० डॉलर किंवा अधिक किमतीच्या व्यवहारासाठी पोच घेताना स्वाक्षरीही लागते. खरेदीदार स्वतः येऊन वस्तू नेणार असेल आणि पैसे ऑनलाइन भरलेले असतील, तर वस्तू हातोहात दिल्याचा पुरावा विक्रेत्यापाशी बहुधा नसतो, आणि काही लबाड खरेदीदार नेमका याचाच फायदा घेतात. अशा वेळी वस्तू देतानाच रोखीने पैसे घेणे, किंवा संकेतस्थळाने खरेदीदाराला दिलेला पडताळणी संकेत तिथेच नोंदवून घेणे, हा उपाय आहे. येऊन नेण्याच्या व्यवहारात रोख रक्कम बहुतेक संकेतस्थळे चालू देतात, हे येथे तुमच्या सोयीचे आहे.

नेहमीच्या ग्राहकांसाठी तुमचे स्वतंत्र दुकान किंवा यादी असेल आणि त्यांनी तिथून स्वतःहून मागणी केली, तर त्या मालावर लिलाव संकेतस्थळाचा हक्क नाही. तिथे बँक हस्तांतर घ्यायला हरकत नसते. अट इतकीच की जी वस्तू संकेतस्थळावर लिलावाला लावली आहे ती तेथून उतरवून त्याच बोलीदाराला बाहेर विकू नये, आणि संकेतस्थळाच्या संदेशांतून स्वतःच्या दुकानाचा पत्ता वाटू नये.